वाफेच्या इंजिनाची खास फेरी: कोणता डबा, कोणती खिडकी, आणि गाडी इतका वेळ का थांबते?

फिशप्लेट

रेल्वेप्रेमींसाठी काढलेल्या वाफेच्या गाडीत जागा मिळाली आहे. आयोजकांनी पाठवलेला तपशील असा: इंजिन ४-६-२ (पुढे चार छोटी, मध्ये सहा मोठी ओढणारी, मागे दोन छोटी चाकं), दोन सिलिंडरचं, कोळशावर चालणारं. मागे आठ डबे आणि शेपटीला एक डिझेल. गाडी सकाळी ९ ला सुटेल, पण शेडच्या आवारात ७ पासून जाता येईल. एकेरी अंतर १४० किलोमीटर. ७०व्या किलोमीटरला पाणी भरायला ४० मिनिटांचा थांबा, तिथून लगेच ११ किलोमीटरचा ८० ला १ (८० मीटरला एक मीटर वर) असा चढ, माथ्यावर बोगदा आणि पलीकडे उतार. शेवटच्या स्टेशनात टर्नटेबल (इंजिनाचं तोंड फिरवायची चकती) नाही, त्यामुळे येताना टेंडर (कोळसा-पाण्याची गाडी) पुढे. फोटोंसाठीचा रनबाय (प्रवाशांना उतरवून गाडी त्यांच्यासमोरून काढणं) येतानाच्या प्रवासात ठेवलाय.

इंजिनाची रचना माहीत आहे. प्रत्यक्ष फेरीत कशाकडे लक्ष द्यायचं ते हवंय.

१. सुटायच्या दोन तास आधी जाऊन नेमकं काय दिसतं?
२. डबा आणि बाजू कोणती घ्यावी? आवाजही रेकॉर्ड करायचाय.
३. पाण्याला ४० मिनिटं का लागतात?
४. त्या चढावर आणि बोगद्यात काय बिघडू शकतं?
५. मागे डिझेल कशासाठी?

---

सांधेवाला

पहिल्या प्रश्नाचं आधी. सातला नक्की जा.

९ ला सुटणाऱ्या इंजिनाची भट्टी त्याच सकाळी पेटवलेली नसते. बॉयलर पूर्ण गार असेल तर आदल्या दिवशीच हलका विस्तव घालतात आणि रात्रभर सावकाश तापवतात. भट्टीचा आतला पत्रा आणि बाहेरचं कवच शेकडो स्टे-बोल्टांनी एकमेकांना बांधलेलं असतं. आतला पत्रा आधी तापतो आणि आधी प्रसरण पावतो, बाहेरचा मागे राहतो. घाईने आग वाढवली की हा सगळा ताण स्टेंवर येतो. ते तडकतात, नळ्यांची टोकं ट्यूबप्लेटमध्ये सैल होतात आणि गळती सुरू होते. एका सकाळच्या घाईची किंमत पुढे कित्येक महिने बॉयलरच्या दुरुस्तीत मोजावी लागते.

काडी लावण्याआधीचं पहिलं काम गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काच, बघणं. काचेत पाणी दिसलं म्हणून कुणी समाधान मानत नाही. खालचा कॉक उघडून काच रिकामी करतात, बंद करतात आणि पाणी झटकन पहिल्या पातळीला येतं का ते पाहतात. पाणी रेंगाळत वर चढलं तर वाट गाळाने तुंबली आहे आणि काच खोटं सांगते आहे. भट्टीचं छत, म्हणजे क्राउन शीट, पाण्याखाली असलंच पाहिजे. ते उघडं पडलं तर पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि वरचा दाब त्याला खाली दाबून फाडतो. यासाठीच छतात शिशाच्या गाभ्याचा फ्यूजिबल प्लग बसवतात. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत घुसून इशारा देते. पण हा प्लग शेवटचा पहारेकरी आहे, त्याच्या भरवशावर इंजिन चालवत नाहीत.

तुम्ही सातला पोचाल तेव्हा दाब बराच चढलेला असेल. उदाहरणादाखल, डब्ल्यूपी या भारतीय ४-६-२ वर्गाचा कामाचा दाब चौरस इंचाला २१० पौंड. त्या दाबाला बॉयलरमधलं पाणी साधारण २०० अंश सेल्सिअसला असतं. या वेळी तीन गोष्टी जवळून बघा.

एक, इंजेक्टर. वाफेचाच झोत वापरून, त्याच वाफेच्या दाबाविरुद्ध, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं हे साधन आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने १८५८ मध्ये काढलं. कॅबच्या (ड्रायव्हर-फायरमनच्या खोलीच्या) खालच्या बाजूला त्याचा ओव्हरफ्लो पाइप दिसेल. फायरमन आधी पाणी सोडतो तेव्हा ते तिथून भळभळ जमिनीवर पडतं. मग वाफ उघडतो. पाइपातून फुरफुर होते, फायरमन पाण्याचा कॉक बारीक करत जातो आणि एका क्षणी पाइपाचं टोक कोरडं होतं, आवाज एकसुरी होतो. आता पाणी बॉयलरमध्ये जातंय. मध्येच तिथून पुन्हा वाफ-पाण्याचे फवारे उडाले तर इंजेक्टरने काम सोडलंय. टेंडरमधलं पाणी फार गरम झालंय किंवा पाण्याच्या नळीत हवा शिरते आहे, ही त्याची नेहमीची कारणं.

दोन, तेल. ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची झारी घेऊन इंजिनाभोवती फिरतो, खाली खड्ड्यात उतरतो. प्रत्येक बेअरिंगच्या वरच्या कपात लोकरीची वात असते, ती थेंब थेंब तेल खाली ओढते. एखादी वात सरकली तर बेअरिंग कोरडं पडतं आणि आतला व्हाइट मेटल (मऊ धातूचं अस्तर) वितळतो. मॅलर्ड या ब्रिटिश इंजिनाने ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैलांचा, म्हणजे जवळपास २०३ किलोमीटरचा विक्रम केला, त्या धावेत त्याच्या मधल्या सिलिंडरच्या बिग एंडचं (दांडा धुरीला जोडणाऱ्या बेअरिंगचं) हेच झालं. दोन चाकांमध्ये लपलेलं ते बेअरिंग चालत्या गाडीत दिसत नाही, म्हणून त्यात अॅनिसीडच्या उग्र वासाची कुपी बसवलेली असे. बेअरिंग तापलं की कुपी फुटायची आणि वास कॅबपर्यंत यायचा.

तीन, ब्लोअर. उभ्या इंजिनाच्या धुरांड्यातून सतत येणारा हलका घोंघाट तो हाच. धुरांड्याच्या तळाशी वाफेची बारीक धार सोडून हवा ओढायची सोय. याचं महत्त्व बोगद्यात कळेल. त्याबद्दल पुढे लिहितो.

---

चौथा ठोका

डब्याचं सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात.

जाताना धुरांडं सगळ्यांत पुढे. मग कॅब, मग टेंडर, मग पहिला डबा. म्हणजे पहिल्या डब्यापासून धुरांडं चांगलं वीसेक मीटर लांब. शेवटच्या स्टेशनात इंजिन सुटं होऊन बाजूच्या रुळाने गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातं. (शेपटीचं डिझेलही शंटिंग करून हलवावं लागतं. तिथला बराचसा वेळ यातच जातो.) येताना टेंडर पुढे असल्याने धुरांडं थेट आता इंजिनामागे आलेल्या डब्याला लागून येतं. त्या डब्यात आवाज अप्रतिम, आणि काजळीही तेवढीच.

त्यामुळे तिकिटावर डबा ठरलेला असेल तर हे लक्षात घ्या: जाताना इंजिनालगतचा डबा येताना सगळ्यांत मागे असतो. चढ जाताना आहे. रेकॉर्डिंग चढावर करायचं असेल तर जाताना पुढचा डबा घ्या आणि येताना शांत बसून वळणांवर इंजिन बघा.

बाजू. इंजिन खिडकीतून दिसतं ते वळणाच्या आतल्या बाजूने. डावीकडे वळण असेल तर डावीकडच्या खिडकीतून. पहिल्या-दुसऱ्या डब्यातून कोन इतका अरुंद असतो की टेंडरची पाठच दिसते. पाचव्या-सहाव्या डब्यातून अख्खं इंजिन, फिरणाऱ्या दांड्यांसकट दिसतं. नकाशावर मार्ग उघडून चढाच्या ११ किलोमीटरमध्ये डावी वळणं किती, उजवी किती ते मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

आवाजाबद्दल. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके (धुरांड्यातून सुटणाऱ्या वाफेचे) देतं, कारण प्रत्येक दट्ट्या दोन्ही बाजूंनी काम करतो. चाक १.७ मीटर व्यासाचं असेल (डब्ल्यूपीचं तेवढं आहे) तर एका ठोक्याला गाडी सुमारे १.३३ मीटर पुढे जाते. सेकंदाला किती ठोके पडले ते मोजा आणि ४.८ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील. सेकंदाला तीन ठोके म्हणजे ताशी १४-१५. दहा सेकंदांचे ठोके मोजून दहाने भागलं तर चूक कमी होते. फ्लाइंग स्कॉट्समन हे ब्रिटिश इंजिन तीन सिलिंडरचं आहे, एका फेऱ्यात सहा ठोके, चाक ८० इंची. तिथे हा गुणक ३.८ येतो. अमेरिकेतल्या बिग बॉयसारख्या ४-८-८-४ इंजिनात चाकांचे दोन संच एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे दोन्ही संचांचे ठोके कधी जुळतात, कधी विस्कटतात. तो आवाज एकदा कानात बसला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

चार ठोके समान पडतात का तेही ऐका. एक ठोका सतत दबका येत असेल तर व्हॉल्व्हची जुळणी बिघडलेली असते किंवा एखादी रिंग गळत असते.

रेकॉर्डरवर ऑटो गेन बंद. लेव्हल ठोक्यावर लावू नका, शिट्टीवर लावा. शिट्टी अचानक वाजते आणि सगळं फाटून जातं. माइकला केसाळ विंडशील्ड हवंच, फोमची टोपी चालत्या गाडीच्या खिडकीत पुरत नाही. माइक खिडकीच्या आत, चौकटीच्या मागच्या कोपऱ्यात धरा, बाहेर काढू नका. वाऱ्याचा थेट मारा चुकतो आणि ठोका स्वच्छ येतो. काळा भपकारा दिसला की रेकॉर्डिंग सुरू करा, तेव्हा इंजिन जोर लावत असतं.

---

कोळसावाघीण

वरच्या शेवटच्या वाक्याला दुरुस्ती. काळा धूर म्हणजे जोर नव्हे. काळा धूर म्हणजे कोळशातले वायू न जळता बाहेर चाललेत, भट्टीत हवा कमी पडली आहे. चांगला फायरमन असेल तर चढावर पूर्ण ताकदीने जाणाऱ्या इंजिनाच्या धुरांड्यातून फिकट करडी झाक निघते. फावडं टाकल्यावर काही सेकंद धूर गडद होतो, भट्टीचं दार किंचित उघडं ठेवून वरून हवा दिली की निवळतो. कोळसा थोडा थोडा आणि वारंवार टाकायचा, मागच्या कोपऱ्यांत आणि दाराखाली थर जाड, मध्ये पातळ. एकदम दहा-बारा फावडी ओतली तर आग झाकली जाते, दाब पडतो आणि फोटोवाल्यांना हवा तसा काळा ढग मिळतो. त्याचे पैसे कोळशात जातात आणि नळ्यांत काजळी बसते.

पांढरं दिसतं ते वेगळं. ती थिजलेली वाफ. हवा थंड आणि दमट असेल तर पांढरा पिसारा लांबच्या लांब पसरतो, भर दुपारी कोरड्या उन्हात त्याच इंजिनाच्या डोक्यावर जवळपास काहीच दिसत नाही. म्हणून सकाळची पहिली पन्नास किलोमीटर फुकट घालवू नका.

तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा एक अपवाद. त्यांच्या नळ्यांत काजळी साठते, ती काढायला फायरमन भट्टीच्या झरोक्यातून वाळू सोडतो. वाळू नळ्या घासत जाते आणि दोनेक मिनिटं आभाळ काळं होतं. तो बिघाड नसतो.

आता पाणी. आठ डबे, मध्यम वेग, बरा कोळसा धरला तर किलोमीटरला १०० लिटरच्या आसपास पाणी लागेल असं समजा. एक किलो कोळसा साधारण सात लिटर पाण्याची वाफ करतो. म्हणजे तुमच्या १४० किलोमीटरना १४,००० लिटर पाणी आणि दोन टन कोळसा. तो बहुतेक सगळा एका माणसाने फावड्याने टाकलेला. फ्लाइंग स्कॉट्समनचा टेंडर ५,००० गॅलनचा, म्हणजे सुमारे २२,७०० लिटरचा आहे. त्या मानाने तुमच्या इंजिनाला मधला थांबा न घेताही जाता येईल असं वाटेल. पण टेंडर तळापर्यंत रिकामा करत नाहीत. एखादा सिग्नल तासभर लाल राहिला तर उभ्या इंजिनालाही पाणी लागतं, आणि तळाचा गाळ इंजेक्टरमध्ये गेला तर तो बंदच पडतो.

पूर्वी स्टेशनात वॉटर कॉलम होते, काही मिनिटांत काम व्हायचं. ते निघाल्यापासून पाणी टँकरने किंवा अग्निशमनाच्या नळाने भरतात. होजमधून मिनिटाला ५०० लिटर येत असेल तर ७,००० लिटरला १४ मिनिटं. होज जोडणं, काढणं आणखी दहा. फ्लाइंग स्कॉट्समनला १९६६ मध्ये दुसरा टेंडर जोडला होता तो याच अडचणीमुळे. उरलेल्या वेळात ड्रायव्हर उतरून प्रत्येक अॅक्सल-बॉक्सला (धुरीच्या बेअरिंगच्या पेटीला) हाताची मागची बाजू लावून बघत जातो. कुठे चटका बसला तर तिथे तेल पोचत नाहीये. फायरमन दांडक्याने जाळीवरची आग हलवतो, राख पाडतो. कोळशातली राख वितळून जाळीला चिकटते तिला क्लिंकर म्हणतात. क्लिंकर धरला की खालून हवा येत नाही, आग वरून भगभगीत दिसते पण दाब चढत नाही. चढाच्या आधीच्या थांब्यात हे काम टाळलं तर चढावर गाडी उभी राहते. तेव्हा ४० मिनिटं जास्त नाहीत.

विजेच्या तारा असतील तर टेंडरवर चढून पाणी भरता येत नाही. २५ किलोव्होल्टच्या तारेखाली टेंडरवर उभं राहणं म्हणजे मरण. अशा मार्गावर तारा नसलेली साइडिंग शोधावी लागते. हेच तुमच्या मोनोपॉडला आणि सेल्फी स्टिकला लागू आहे, तारांखाली ती डोक्यावर उंचवू नका.

---

फिशप्लेट

काळ्या धुराचं माहीत नव्हतं, धन्यवाद. रनबायबद्दल कुणी सांगेल का? आणि डिझेलचं राहिलं.

---

उजेडमापी

रनबाय येताना ठेवलाय आणि येताना टेंडर पुढे, म्हणजे फोटोत इंजिनाची पाठ येणार. आयोजकांना आत्ताच लिहा आणि तो जातानाच्या चढावर घेता येईल का विचारा. वेळापत्रक बसत नसेल तर निदान जाताना पाण्याच्या थांब्यावरून सुटण्याचा क्षण सोडू नका, तोच तुमचा रनबाय. अर्थात त्यासाठी सगळ्यांना गाडीत बसायच्या आधी दोन-तीन मिनिटं फलाटाच्या पुढच्या टोकाला उभं राहू देतात का ते गार्डला विचारून घ्या. परवानगी नसेल तर नाही.

रनबायची पद्धत अशी. गाडी थांबते, प्रवासी उतरून एका ओळीत उभे राहतात, गाडी रिकामी मागे जाते, सहा-सातशे मीटर मागून जोर लावत पुढे येते. ओळीच्या पुढे एक जण जरी गेला तरी सगळ्यांची फ्रेम जाते. मुळात ओळ कर्मचाऱ्यांनी आखलेली असते, ती रुळापासूनचं सुरक्षित अंतर धरून. त्या दोन मिनिटांत बोलायचं नाही, बाजूला कुणीतरी आवाज रेकॉर्ड करत असतो.

सूर्य ओळीच्या पाठीशी आणि थोडा इंजिनाच्या समोरच्या अंगाला हवा, म्हणजे इंजिनाचं तोंड आणि बाजू दोन्ही उजळतात. वाराही बघा. वारा तुमच्याकडून गाडीकडे वाहत असेल तर वाफ पलीकडे जाते आणि डबे स्वच्छ दिसतात. गाडीच्या मागून वारा असेल तर वाफ पुढे येऊन इंजिनच झाकते. थांबल्यावर आधी चिमूटभर सुकं गवत उडवून बघा.

काळं इंजिन आणि पांढरी वाफ एका चौकटीत, हा कॅमेऱ्याला सगळ्यांत अवघड प्रसंग. ऑटोवर सोडलं तर काळ्यामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि वाफेचा सपाट पांढरा डाग होतो. वाफेच्या उजळ भागावर एक्स्पोजर लावा, रॉमध्ये घ्या, सावली नंतर उचला. ताशी ४० च्या गाडीला १/५०० पुरतो. पॅनिंग करायचं तर १/३० ते १/६०, आणि इंजिन समोर येण्याआधीपासून कॅमेरा फिरवायला लागा, दाबल्यावरही फिरवत राहा.

एक बारीक गोष्ट, जी जाणकार लगेच बघतात: चाकं जोडणारी दांडी सगळ्यांत खाली असताना घेतलेला फोटो. दांडी खाली असली की चाकांचे आरे, वजनं, वरची व्हॉल्व्हची यंत्रणा सगळं मोकळं दिसतं. दांडी वर असताना ती चाकांवर आडवी येते. चाक १.७ मीटरचं आणि वेग ताशी २० असेल तर सेकंदाला जेमतेम एक फेरा होतो. म्हणजे दांडी खाली यायची वेळ डोळ्यांनी धरून एकच फोटो घेता येतो, धडाधड बर्स्ट मारायची गरज नाही.

डिझेलबद्दल थोडक्यात: डब्यांना वीज पुरवायला, उतारावर ब्रेकला आधार म्हणून, आणि वाफेचं इंजिन बंद पडलं तर मार्ग अडू नये म्हणून. कोरड्या दिवसांत ठिणग्यांनी गवत पेटण्याची भीती असेल तर काही पट्ट्यांत ओढायचं कामही डिझेल करतं. ते ढकलतंय का हे ओळखायचं असेल तर चढावर ठोका ऐका. आठ डबे ८० ला १ वर ओढताना ठोका तोफेसारखा यायला हवा. मऊ येत असेल तर मागून मदत आहे.

---

सांधेवाला

आता चढ, बोगदा आणि उतार. तुमच्या मार्गातला सगळ्यांत मोलाचा भाग हाच, आणि तो पाण्याच्या थांब्यानंतर लगेच आहे, त्यामुळे कठीणही.

सुटताना इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी, पायाच्या उंचीवर, वाफेचे पांढरे लोट सुटतील. ते सिलिंडरचे ड्रेन कॉक. ४० मिनिटं उभ्या राहिलेल्या सिलिंडरात वाफ थिजून पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही. कॉक बंद ठेवून गाडी काढली तर दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि सिलिंडरचं झाकण फुटतं किंवा दांडा वाकतो. म्हणून पहिले काही फेरे कॉक उघडे. त्या वेळी इंजिनाशेजारी उभं राहू नका, ती वाफ भाजते.

सुटताना ठोके अचानक मशिनगनसारखे पडले आणि गाडी मात्र पुढे सरकली नाही, तर चाकं घसरली. ४-६-२ मध्ये सहा धुऱ्यांपैकी फक्त तीन ओढतात, बाकीच्यांवर पडलेलं वजन पकडीच्या कामाचं नाही. २-८-२ ची डब्ल्यूजी (मालगाडीचं भारतीय इंजिन) याच चढावर जास्त निवांत निघाली असती. १८५५ ची फेअरी क्वीन (भारतातलं जुनं इंजिन) तर २-२-२, ओढणारी धुरी एकच. रूळ दवाने ओले असतील किंवा पानांचा चिकटा असेल तर घसरणं आलंच. ड्रायव्हर लगेच रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) बंद करतो, वाळू सोडतो आणि पुन्हा हळू उघडतो. चाकं फिरत असतानाच वाळू सोडली तर ती एकदम पकड घेतात आणि तो झटका दांड्यांवर जातो. म्हणून आधी रेग्युलेटर बंद, मग वाळू. हा क्रम ऐकू येतो, लक्ष ठेवा.

घसरण्यापेक्षा वाईट म्हणजे प्रायमिंग. नुकतंच पाणी भरलंय, बॉयलर काठोकाठ आहे, आणि ड्रायव्हरने रेग्युलेटर जोरात उघडला, तर वाफेबरोबर पाणीही उचललं जातं. धुरांड्यातून काजळीचा चिखल पावसासारखा पडतो, ठोक्याचा कडकपणा जाऊन तो पचपचीत होतो. ते पाणी सिलिंडरमधलं तेल धुऊन नेतं. उपाय एकच: रेग्युलेटर कमी करणं, ड्रेन कॉक उघडणं, आणि पाणी खाली येईपर्यंत इंजेक्टरला हात न लावणं. पांढरा शर्ट घालून पुढच्या डब्यात बसणाऱ्यांना प्रायमिंग फार लवकर कळतं.

चढावर फायरमनचं खरं काम पाण्याच्या पातळीचं. धुरांडं पुढे आणि चढ वर, म्हणजे बॉयलरमधलं पाणी मागे, भट्टीकडे सरकतं. काच भट्टीच्या टोकाला असते, ती भरपूर पाणी दाखवते. आठ मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये ८० ला १ चढाने दोन टोकांत १० सेंटिमीटरचा फरक पडतो. माथा ओलांडून इंजिन उताराला लागलं की तेच पाणी पुढे पळतं आणि काचेतली पातळी काही सेकंदांत उतरते. त्यात ब्रेक लावला तर आणखी. चढाच्या शेवटी काच बघून निर्धास्त राहिलेल्या फायरमनचं क्राउन शीट उतारावर उघडं पडू शकतं. म्हणून माथ्याच्या आधीच इंजेक्टर चालू करतात. तुमच्या डब्यातून काच दिसणार नाही, पण चढाच्या शेवटच्या किलोमीटर-दीड किलोमीटरमध्ये इंजेक्टरचा एकसुरी आवाज आला आणि ठोक्याचा दम किंचित कमी झाला, तर ते हेच आहे. गार पाणी आत चाललंय, दाब थोडा पडतोय, आणि ड्रायव्हर-फायरमन दोघांनी ते ठरवून केलंय.

येताना हाच हिशेब उलटतो. टेंडर पुढे ठेवून डोंगर पलीकडून चढताना भट्टी वरच्या अंगाला येते आणि पाणी तिच्यापासून दूर, धुरांड्याच्या टोकाला जातं. मग चढभर पातळी आधीपासून जास्त ठेवावी लागते, आणि जास्त पातळी म्हणजे प्रायमिंगला आमंत्रण. टेंडर-पुढे प्रवासात वेगमर्यादाही कमी असते, कारण टेंडरवरून पुढचं दिसायला अडचण होते. येताना गाडी सावकाश चालली तर त्यात बिघाड शोधू नका.

बोगदा. रेग्युलेटर बंद केला की धुरांड्यातली ओढ थांबते. भट्टीतल्या ज्वाळांना वर जायला ओढ नसली आणि बोगद्यात कोंडलेली हवा उलटी दाबत असली तर त्या दारातून कॅबमध्ये येतात. याला ब्लोबॅक म्हणतात आणि त्यात माणसं भाजली आहेत. म्हणून नियम पक्का: आधी ब्लोअर उघडायचा, मग रेग्युलेटर बंद. तुमचा बोगदा माथ्यावर आहे, म्हणजे बोगद्यातच केव्हातरी रेग्युलेटर बंद होणार. सकाळी ऐकलेला तो घोंघाट ठोका थांबण्याच्या आधी क्षणभर ऐकू येईल. तोंडाशी शिट्टी वाजली की डब्यातल्या सगळ्या खिडक्या बंद करा. एक उघडी राहिली तरी अख्खा डबा धुराने भरतो, आणि चढावर जोरात असलेल्या इंजिनाचा धूर बोगद्याबाहेर जायला वेळ घेतो.

---

कोळसावाघीण

दोन गोष्टी राहिल्या, त्या डोळ्यांच्या आणि कपड्यांच्या.

खिडकीशी बसणाऱ्याने साध्या काचेचा, कडा झाकणारा चष्मा लावावा. उडून येणारा कण टोकदार असतो आणि कधी कधी गरमही. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचं, पापणी धरून पाणी वाहू द्यायचं. तरी टोचत राहिला तर हात न लावता डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कपडे जाड सुती. कृत्रिम धाग्याच्या जाकिटावर निखारा पडला की तो वितळून चामडीला चिकटतो, सुतीवर फक्त काळं भोक पडतं. कॅमेऱ्याची लेन्स चालत्या गाडीत बदलू नका, काजळी सेन्सरवर बसते आणि ती तेलकट असते, फुंकून जात नाही. ब्लोअर-ब्रश आणि एक झिप पिशवी जवळ ठेवा. खिडकीबाहेर डोकं किंवा हात नाही. सिग्नलचे खांब आणि पुलांचे कठडे वाटतात त्यापेक्षा फार जवळून जातात.

आणि परतल्यावर लगेच पळू नका, शेडमध्ये येऊ देत असतील तर तासभर थांबा. इंजिन राखेच्या खड्ड्यावर घेतात, आग खाली पाडतात, राखपेटी रिकामी करतात. मग स्मोकबॉक्सचं गोल दार उघडतात. आत धुरांड्याखाली साठलेली अर्धवट जळलेली बारीक कोळशी फावड्याने उपसतात. ढीग किती मोठा आहे ते बघा. चढावर इंजिनाने किती जोर लावला आणि किती कोळसा न जळताच नळ्यांतून ओढला गेला, ते त्या ढिगात दिसतं. बॉयलरमध्ये पाणी भरपूर ठेवून, डँपर (आगीखालची हवेची झडप) बंद करून, धुरांड्यावर झाकण घालतात, म्हणजे थंड हवा आत शिरून नळ्या एकदम गार होत नाहीत. तापवताना जेवढी सावकाशी, तेवढीच निववताना.

---

फिशप्लेट

आयोजकांना रनबायबद्दल लिहिलं. जातानाच्या चढावर, बोगद्याच्या दोन किलोमीटर अलीकडे जागा बघतो म्हणाले, पण तिथे उजवं वळण आहे. मग ओळ वळणाच्या आत लावायची की बाहेर?

---

उजेडमापी

सकाळी साडेअकराच्या सुमारास ऊन कुठून असेल त्यावर ठरवा. ऊन दोन्हीकडून सारखं असेल तर आतल्या बाजूला. आतून इंजिन आणि मागचे सगळे डबे एका कमानीत दिसतात, बाहेरून इंजिनामागची गाडी झाकली जाते. आणि आयोजकांना एवढं सांगा की त्या जागी थांबून पुन्हा सुटताना चढ आहे, वाळूच्या पेट्या पाण्याच्या थांब्यावरच भरून घ्या.